कॅरिझ्माचा पुढचा ब्रेक

"पुढचा ब्रेक मऊ झालाय" अशी तक्रार घेऊन आलेल्या दोन गाड्यांचं कारण क्वचितच एक निघतं. कुणाचे पॅड संपलेले, कुणाच्या कॅलिपरच्या पिना गंजून बसलेल्या, कुणाचं ऑइल काळंकुट्ट. गिऱ्हाईक मात्र उपाय घरूनच ठरवून येतं. पूर्वी "पॅड टाका" म्हणायचं. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून येतं आणि म्हणतं, "काका, स्टीलचा पाइप टाकायचाय."

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या चढावर माझं गॅरेज आहे. चढावर असण्याचा एक फायदा असा, की गाडी आत घ्यायच्या आधीच तिच्या ब्रेकची अर्धी कुंडली कळते. माणूस वरून उतरत येतो, दारात थांबतो. लिव्हरवर किती बोटं आहेत, पाय कधी टेकतोय, मागच्या ब्रेकवर किती भिस्त आहे, सगळं दिसतं. चार बोटांनी लिव्हर आवळून वर डावी चप्पलही रस्त्यावर घासणारा माणूस "ब्रेक ठीक आहे, फक्त सर्व्हिसिंग करा" म्हणाला, तरी मी पुढच्या चाकापासूनच सुरुवात करतो.

मुलुंडचा एक मुलगा अशाच थाटात कॅरिझ्मा घेऊन उतरला. वडिलांनी २००४ साली घेतलेली, एमएच ०३ची पाटी, पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून पुन्हा पासिंग केलेली. वडील आता स्कूटर चालवतात, गाडी मुलाच्या हातात आली आहे. टाकीवर ओरखडा नाही, साखळीला तेल, टायर नवे. पुढच्या ब्रेकचा पाइप मात्र कंपनीतून निघताना होता तोच.

आज २२३ सीसी आणि १७ हॉर्सपॉवर ऐकून कुणाच्या भुवया वर जात नाहीत. पण २००३ मध्ये हिरो होंडाने कॅरिझ्मा आणली तेव्हा आमच्या भागात तिच्याभोवती गर्दी व्हायची. त्याच कंपनीच्या १९९९च्या सीबीझीला पुढे २४० मिलिमीटरची डिस्क होती, हिला २७६ची. मोठी डिस्क म्हणजे चाकाच्या आसापासून लांब पकड, म्हणजे त्याच जोरात जास्त ब्रेक. त्या काळाच्या मानाने हा ब्रेक चांगलाच होता. माझ्या वस्तादांना तर तो चैनीचा वाटायचा, कारण त्यांची उमेदवारी गेली राजदूत ३५०वर. १९८३ साली एस्कॉर्ट्सने ती यामाहा इथे आणली, पहिल्या मॉडेलमध्ये तीस हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवलं, आणि जपानी गाडीला पुढे असलेली डिस्क काढून ड्रम बसवला. खर्च वाचला. तो इतरांना कसा भरावा लागला हे वस्ताद सांगायचे तेव्हा त्यात विनोद कमी असायचा. वेग विकता येतो, थांबणं विकायला जड जातं, असं ते म्हणत. शोरूममध्ये उभ्या गाडीचं ॲक्सिलरेटर सगळे पिळतात. ब्रेक दाबून बघणारा मला अजून दिसायचाय.

तर पाइप. या मुलालाही स्टीलचाच हवा होता. त्याला म्हटलं, "आधी बघू तरी दे, काय झालंय ते." पोऱ्याला लिव्हर पूर्ण जोराने दाबायला लावली आणि मी पाइप बोटांच्या चिमटीत धरला. नव्या पाइपमध्ये असं करताना जवळजवळ काही कळत नाही. इथे प्रत्येक दाबाला रबर चिमटीत फुगत होतं. मुलाचा हात धरून त्यालाही लावून पाहायला सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. व्हिडिओत हे दाखवत नाहीत.

शाळेत विज्ञानात पास्कलचा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो, पण तो आपल्या मुठीत किती मोठा होतो याचा अंदाज नसतो. धरून चला, बोटांनी दहा किलोचा जोर लावला. लिव्हरच्या लांबीमुळे तो पंपाच्या पिस्टनवर पाचपट होऊन पडतो, म्हणजे पन्नास किलो. हँडलवरच्या पंपाचा पिस्टन अर्ध्या इंचाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. भागाकार केला की पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला चाळीस किलोचा दाब. टायरमध्ये आपण दोन किलो हवा भरतो. म्हणजे त्या करंगळीएवढ्या नळीत टायरच्या वीसपट दाब प्रत्येक सिग्नलला चढतो आणि उतरतो. आणि हलणारं ऑइल किती, तर चमचाभरही नाही. पॅड आणि डिस्क यांच्यात मिलिमीटरचा अंशच जागा असते. त्यामुळे त्या थेंबभर ऑइलमधला थोडासा भाग जरी पाइप फुगण्यात गेला, तरी लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागते. वर्षानुवर्षं धुऊन सैल झालेल्या इलॅस्टिकसारखी त्या रबराची गत झालेली असते: तुटत नाही, पण धरूनही ठेवत नाही.

मग स्टीलचा पाइप टाकल्याने ब्रेकची ताकद वाढते का? नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण जरा हिरमुसतो. ताकद ठरते पंपाचा आणि कॅलिपरचा पिस्टन केवढा, डिस्क केवढी, पॅड कसले आणि सगळ्यात शेवटी टायर रस्त्याला किती धरतं यावर. पाइपाने त्यातलं काहीच बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की बोटांनी पाठवलेला निरोप पॅडपर्यंत पूर्ण पोचतो, आणि चाकाखाली काय चाललंय ते लिव्हरमधून परत बोटांना कळतं. माझ्या मते हे परत कळणंच जास्त मोलाचं आहे. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. चाक अडकायला लागलं की यंत्र ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं. वीस वर्षांच्या कॅरिझ्मात ते काम चालवणाऱ्याच्या दोन बोटांनी करायचं असतं. आणि चाक अडकायच्या बेतात आहे हे त्या बोटांना कळलंच नाही तर ती तरी काय करणार?

एवढं असूनही माझा पहिला कौल कंपनीच्या रबरी पाइपलाच असतो. चांगला रबरी पाइप वाईट नसतो; रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्यावरच थांबतात. अडचण जुन्या गाडीची आहे. मूळ पाइप शोधत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत माणूस पाठवला, तिथे एक मिळाला, सीलबंद पाकीट, होलोग्रामसकट. पाइपवर छापलेली तारीख पाहिली तर दशकभरापूर्वीची. दुकानदार म्हणाला, "वापरलाच नाही, नवा आहे." रबराला हे समजत नाही. ते गाडीवर असो की फळीवर, हवेतल्या ओझोनने आणि उष्म्याने त्याचं म्हातारपण चालूच असतं. पाइप वाकवून लख्ख उजेडात धरला तर वळणावर केसाएवढ्या भेगा दिसल्या. तो परत पाठवला, आणि तिथेच स्टीलच्या पाइपाचा निर्णय झाला. शौक म्हणून नाही, ताजा माल तोच मिळत होता म्हणून.

त्यातही फसवणूक आहेच. खरा स्टीलचा पाइप म्हणजे आत टेफ्लॉनची नळी, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. त्यावर स्टेनलेस तारांची घट्ट वीण, आणि वर पारदर्शक किंवा रंगीत प्लास्टिकचं आवरण. टेफ्लॉन दाबाने फारसं फुगत नाही आणि जे थोडं फुगेल ते तारांची वीण फुगू देत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पाइपांत आत साधं रबर असतं आणि वर दिखाऊ जाळी चढवलेली असते. चकाकी तीच. ओळखायचं कसं? दोन्ही टोकांना जिथे धातूची टोपी दाबून बसवली आहे तिथे बघायचं. वीण त्या टोपीच्या आत गेलेली दिसली पाहिजे. जाळी टोपीच्या अलीकडेच संपून वर रबराची रिंग चढवलेली असेल तर तो पाइप घरी शोकेसमध्ये ठेवावा. मुलाने स्वतः मागवलेला एक पाइप असाच निघाला. मी तो त्याच्यासमोर कापला. त्याला वाईट वाटलं, पण पैसे त्याचे होते आणि मान त्याच्या आईबापांची होती.

मरोळ-साकीनाक्याकडे लेथ आणि प्रेसच्या यंत्रांचे हायड्रॉलिक पाइप बनवणारे कारागीर आहेत. तुम्ही लांबी द्या, ते टोपी दाबून देतात. काही गॅरेजवाले मोटरसायकलचा ब्रेक पाइपही त्यांच्याकडून करून घेतात. मी घेत नाही. त्यांची हातोटी वाईट आहे म्हणून नाही. यंत्राचा पाइप फुटला तर कारखान्याच्या फरशीवर तेल सांडतं, आणि आमचा फुटला तर पवईच्या उतारावर माणूस सांडतो. दाब देऊन तपासलेला, ब्रेकसाठीच बनवलेला पाइप घ्यावा, दोन पैसे जास्त गेले तरी.

प्रत्यक्ष काम तासाभराचं, पण घाई करण्याचं नाही. आधी टाकीवर ओली फडकी पसरायची, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. पडलंच तर लगेच भरपूर पाणी. जुना पाइप काढायच्या आधी तो कुठून कुठे जातो हे पोऱ्याला मोबाइलवर टिपून ठेवायला सांगतो. नव्या पाइपाच्या टोकाचा कोन मूळच्या टोकाशी जुळला नाही तर पाइपाला पीळ बसतो, आणि पीळ बसलेला पाइप कधीतरी सूड घेतो. लांबी तपासताना गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करायचं, म्हणजे शॉकअप पूर्ण लांब होतात. मग हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. पाइप कुठेही ताणला जाता कामा नये, आणि शॉकअप दाबले की तो चाकाकडे झुकता कामा नये. आणखी एक गोष्ट नव्या मुलांना माहीत नसते. आवरण घासून उघडी पडलेली स्टीलची वीण करवतीचं काम करते. प्लास्टिकचा मडगार्ड, हेडलाइटची वायर, शॉकअपची नळी, जे लागेल ते कापत जाते. म्हणून मूळ जागेच्या क्लिपमध्येच पाइप बसवायचा, आणि जिथे घासण्याची शंका असेल तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

ऑइल बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर लागतात. ते नवेच घ्यावेत. वस्ताद जुने वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाकायचे. तांबं त्याने पुन्हा मऊ होतं, हे शास्त्र बरोबरच आहे. पण वायसर मिळतात चार-दोन रुपयांना, आणि आता गॅसचा भाव पाहता जुनेच महाग पडतील. बोल्ट आवळताना टॉर्क पाना वापरतो. होंडाच्या जातीच्या गाड्यांना ३४-३५ न्यूटन मीटर पुरतात. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या पंपातले आटे किती वेळा उडवलेत हे लेथवाल्याला विचारा.

मग एअर काढायची. वरच्या डबीत ताजं ऑइल, खालच्या निपलला पारदर्शक नळी, आठचा पाना. लिव्हर दाबून धरायची, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच लिव्हर सोडायची. नव्या रिकाम्या पाइपात हवा हट्टी असते. ती वर जाते आणि आपण तिला खालून काढायला बघतो. म्हणून मी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून ऑइल खालून वर ढकलतो. बुडबुडे आपल्या पायांनी डबीत येतात. तरीही शेवटचा एखादा बुडबुडा पंपाच्या तोंडाशी, ऑइल बोल्टच्या वळणावर दडून बसतो. त्यासाठी लिव्हर हँडलला ट्यूबच्या रबराने बांधून गाडी रात्रभर ठेवतो. सकाळपर्यंत तो वर येतो. मुलाला गाडी त्याच संध्याकाळी हवी होती. त्याला लोकलने पाठवलं.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या गाडीच्या ब्रेकमध्ये जो फरक पडला, त्यातला माझ्या हिशोबाने निम्मा तरी पाइपाचा नव्हता, ऑइलचा होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. तो त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. पाणी एका जागी साचून गंज धरण्यापेक्षा ऑइलमध्ये विरघळलेलं बरं. पण मुंबईच्या दमट हवेत डबीच्या झाकणातून, रबरी पाइपाच्या अंगातूनही ते आत येतच राहतं. डॉट ४चं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. मुलुंड-ठाण्याची पोरं पावसाळ्यात माळशेजला जातात. घाट उतरताना मागे मित्र बसलेला, ब्रेक सतत चेपलेला. डिस्क तापते, उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनवर, तिथून ऑइलमध्ये. ऑइलमधलं पाणी उकळून वाफ झाली की ती वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. बाजूला थांबून वडापाव खाईपर्यंत सगळं थंड होतं आणि ब्रेक जागेवर येतो. मग तो किस्सा भुताखेताच्या हवाल्याने मित्रांत फिरतो. मुलुंडच्या मुलानेही मला सांगितला होता. त्याला वाटत होतं, पाइपाने हे थांबेल. स्टीलच्या पाइपातलं शिळं ऑइलही तितकंच उकळतं.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं असं बहुतेक मॅन्युअलमध्ये असतं. इथल्या हवेत मी वर्षाला बदला म्हणतो, आणि तेही पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात. लोक मेच्या शेवटी येतात, पावसाळ्याची तयारी म्हणून. चालेल, पण मग बाटली छोटी आणा. एकदा फोडलेली मोठी बाटली जूनच्या हवेत फळीवर ठेवली की पुढच्या गिऱ्हाइकाला आपण पाणीच विकतो.

पावसाच्या ब्रेकचं काम माझ्या डोक्यात २००५च्या ऑगस्टपासून पक्कं बसलंय. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर कितीतरी दिवस कुर्ला, कलिना भागातल्या बुडालेल्या गाड्या टेम्पोतून येत होत्या. इंजिनाचं सगळ्यांना दिसत होतं. कॅलिपरच्या आत, पिस्टनच्या रबरापाशी बसलेला मिठी नदीचा बारीक गाळ कुणी बघत नव्हतं. इंजिन सुरू झालं की लोक गाडी घेऊन जायला निघायचे, आणि वस्ताद चावी देत नसत.

गाडी तयार झाल्यावर मी पूर्व द्रुतगती महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, सकाळी रिकामा असताना, चालवून पाहिली. आधी वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या. लिव्हर आता पहिल्या अर्ध्या इंचातच धरत होती आणि पुढे दगड. हे बरं वाटतं, पण मुलाला मी चावी देताना याचाच इशारा दिला. या गाडीचं पुढचं टायर बारीक आहे, २.७५ बाय १८. एलबीएस मार्गावर मेट्रो ४च्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर, पेव्हर ब्लॉकवर, सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊस पडला की त्या टायरखाली काहीच राहत नाही. सवयीने चार बोटांनी जुन्या जोरात दाबलं तर चाक अडकणार. "आठवडाभर दोनच बोटं," म्हटलं. "हाताला नव्याने शिकव."

दोन दिवसांनी फोन आला तो वडिलांचा. रविवारी त्यांनी हौसेने गाडी काढली होती आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनला घाबरवून आले होते. "भाऊ, ब्रेक फार कडक झालाय. जुना पाइप आहे का तुमच्याकडे? परत बसवता येईल?" म्हटलं, "साहेब, या, दाखवतो." जुना पाइप मी पोऱ्याला शिकवायला उभा चिरून ठेवला होता. आतलं रबर सुजून भोक एके ठिकाणी इतकं बारीक झालं होतं की ऑइल दाबाने पुढे जायचं पण परत यायला वेळ घ्यायचं. म्हणजे मधूनमधून पुढचा ब्रेक सोडल्यावरही थोडा लागूनच राहत असणार. त्यांनी ते नीट पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "म्हणून ॲव्हरेज पडलं होतं होय!" ब्रेकबद्दल पुढे काही बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात तो मुलगा मित्राला घेऊन आला. मित्राची पल्सर, स्टीलचा पाइप हवा. पाइप चिमटीत धरून पाहिला, ठणठणीत होता, तारीखही अलीकडची. कॅलिपरच्या पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावलं, ऑइल बदललं, एअर काढली, नवे वायसर टाकले. मित्राने चढावर एक फेरी मारली, ब्रेक सुधारलाय हे कबूल केलं. मग गाडीच्या पुढे उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पण काका, दिसत काहीच नाही ना!"

मजुरी मात्र त्याने पूर्ण दिली.